नदीकाठच्या पायऱ्या, गाळाचे थर आणि ज्वालामुखीची राख : मालेगावच्या निमित्ताने शहराखालील भूमीचे वाचन

प्रस्तावना

मालेगाव हे शहर गिरणा आणि मोसम या दोन नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. गिरणा कळवणच्या डोंगराळ भागातून पूर्वेकडे वाहत येते, तर मोसम बागलाणात साल्हेर-मुल्हेरच्या परिसरात उगम पावून हरणबारीमार्गे शहरापर्यंत पोहोचते. पुढे हे पाणी तापीला मिळते. १७४० मध्ये नारोशंकर राजेबहाद्दर यांनी मोसमच्या काठी भुईकोट किल्ला बांधला आणि त्याच्या आश्रयाने वस्ती वाढली. पुढील काळात हातमाग व यंत्रमागाच्या व्यवसायाने शहराचा विस्तार नदीच्या दोन्ही काठांवर झाला. या इतिहासाविषयी बरेच लिहिले गेले आहे. मात्र ज्या भूमीवर किल्ला, पेठा आणि मागांचे कारखाने उभे आहेत तिच्या स्वतःच्या इतिहासाकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

इमारतीच्या पायासाठी खड्डा खणला जातो तेव्हा मालक आणि गवंडी यांच्यापुढे एकच प्रश्न असतो : मुरूम किती फुटांवर लागेल? त्या प्रवासात वाटेत लागणारी काळी माती, पिवळसर गाळ, चुनखडीच्या गाठी, गोट्यांचा थर ही सर्व अडचण म्हणून उपसली जाते व ट्रॅक्टरने दुसरीकडे भरावाला जाते. भूरूपशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो खड्डा म्हणजे हजारो वर्षांच्या पुरांची, दुष्काळांची आणि नदीच्या स्वभावबदलांची उभी नोंद होय. ही नोंद कशी वाचावी, तिच्यात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला तर त्यातून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. राखेच्या प्रश्नासाठी महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाची उदाहरणे पुणे जिल्ह्यात आहेत : कुकडी नदीकाठचे बोरी आणि कऱ्हा नदीकाठचे मोरगाव. म्हणून विवेचनाचा मोठा भाग तेथील अनुभवावर आधारलेला आहे.

नदीवेदिका : काठाची पायरी कशी बनते

नदीच्या पात्रापासून काठाकडे चढत गेल्यास बहुधा एकसारखा चढ लागत नाही. थोडा उभा चढ, मग सपाट पट्टा, पुन्हा चढ, पुन्हा सपाटी असा क्रम दिसतो. या सपाट पट्ट्यांना नदीवेदिका म्हणतात. एके काळी तो पट्टा नदीचा पूरतट होता. पुढे नदीने आपले पात्र खोल केले, पुराचे पाणी त्या पातळीपर्यंत येईनासे झाले आणि जुना पूरतट पायरीप्रमाणे उंचावर राहिला. वस्तीला सुरक्षित, पाण्याला जवळ आणि शेतीला सुपीक अशी ही जागा असल्याने खानदेश व दख्खनमधील बहुतेक जुनी गावे अशाच पायऱ्यांवर आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘खालचा थर जुना, वरचा नवा’ हा स्तरविज्ञानाचा पहिला नियम सर्वांना परिचित असतो. परंतु हा नियम एकाच भरणीतील थरांना लागू पडतो, पायऱ्यांना नव्हे. नदी प्रथम दरी गाळाने भरते, नंतर त्या गाळातच पात्र कोरते आणि कोरलेल्या खाचेत पुन्हा नवा गाळ भरते. परिणामी समुद्रसपाटीपासून अधिक उंचीवर असलेल्या पायरीतील गाळ जुना आणि पात्रालगतच्या ठेंगण्या पायरीतील गाळ नवा, अशी उलट स्थिती निर्माण होते. शहरातील दोन ठिकाणी, समजा एक किल्ल्याच्या अंगाने आणि दुसरे पात्रालगतच्या नव्या वसाहतीत, पाच-पाच मीटर खोलीवर सारखाच दिसणारा पिवळा गाळ लागला, म्हणून ते दोन्ही गाळ समकालीन ठरत नाहीत. त्यांच्यामध्ये दहा हजार वर्षांचे अंतर असू शकते. नुसत्या खोलीवरून केलेली तुलना ही या विषयातील सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

नदी कधी भरते आणि कधी कोरते? विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी वायव्य दख्खनच्या पठारी नद्यांचा अभ्यास करून १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जे निष्कर्ष मांडले, त्यांचा आशय असा की प्लाइस्टोसीन काळाच्या अखेरच्या टप्प्यात, मोसमी पाऊस दुबळा असताना, या नद्यांनी आपली पात्रे गाळाने भरून घेतली. आणि होलोसीनच्या आरंभी पाऊस जोमदार झाल्यावर त्यांनी तोच गाळ कोरून काढला. वरवर पाहता हे उलटे वाटते. जास्त पाऊस म्हणजे जास्त गाळ, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात महत्त्व आहे ते पाण्याची वाहकशक्ती आणि उतारावरून येणारा माल यांच्या गुणोत्तराला. कोरड्या काळात डोंगरउतारांवरील झाडोरा विरळ होतो, अधूनमधून येणाऱ्या सरी माती मोकळी करून खाली आणतात, परंतु ती पुढे वाहून नेण्याइतके सलग पाणी नदीत नसते. माल पात्रातच साचतो. पाऊस सुधारला की उतार हिरवे होतात, माल कमी येतो आणि पाणी वाढते. मग नदी स्वतःच्याच भरणीत खोल उतरते. आज दख्खनच्या नद्यांच्या दुतर्फा दिसणाऱ्या उभ्या दरडी ह्या त्या कोरण्याच्या खुणा आहेत.

दरडीतील क्रम

दख्खन पठारावरील नद्यांच्या दरडींत सामान्यतः एक ओळखीचा क्रम भेटतो. तळाशी बेसाल्ट खडक किंवा त्याचा मुरूम. त्यावर गोटे व भरड वाळूचा थर, जो अनेकदा चुन्याने घट्ट जखडलेला असतो आणि कुदळीला दाद देत नाही. त्यावर पिवळसर-तपकिरी, बारीक पोताचा जाड गाळ व त्यात विखुरलेल्या चुनखडीच्या गाठी. त्यावर गडद रंगाचा तुलनेने नवा पूरगाळ. आणि सर्वांत वर काळी रेगूर. गावठाणात या सर्वांच्या डोक्यावर मानवी वस्तीचे थर चढलेले असतात. प्रत्येक दरडीत हे सर्व सदस्य हजर असतीलच असे नाही, आणि त्यांच्या मधली गैरहजेरी ही कधीकधी हजेरीइतकीच बोलकी असते.

गोट्यांचा थर वेगवान पाण्याची साक्ष देतो. चपटे गोटे एकावर एक कलंडलेले असतील तर त्यांचा कल प्रवाहाच्या वरच्या दिशेकडे असतो, आणि त्यावरून नाहीशा झालेल्या पात्राची दिशा काढता येते. बारीक गाळ संथ पाण्याचा. चुनखडीच्या गाठी मात्र पाण्याने आणलेल्या नसतात. त्या जागेवरच, पावसाचे पाणी जमिनीत मुरून पुन्हा वर ओढले जात असताना, बाष्पीभवनातून घडतात. त्यांची विपुलता म्हणजे कोरड्या हवामानाची आणि थराला दीर्घकाळ विश्रांती मिळाल्याची खूण मानली जाते. अर्थात गाठ ज्या थरात आहे त्याच वयाची ती नसते, ती नेहमीच त्याहून नवी असते. चुन्याच्या गाठीचे रेडिओकार्बन वय काढून ते थराचे वय म्हणून सांगणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

काळ्या रेगुरीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात तिला खोल भेगा पडतात. पृष्ठभागावरची खापरी, विटेचा तुकडा, अलीकडच्या काळात प्लास्टिकची पिशवीदेखील या भेगांतून खोल उतरते आणि पुढच्या पावसाळ्यात भेग मिटली की ती जणू तेथेच निर्माण झाल्यासारखी दिसते. एका खापरीवरून एखाद्या थराचे वय ठरविण्याचा मोह या मातीत तरी टाळलेलाच बरा.

या थरांत प्राण्यांचे व माणसांचे अवशेषही सापडतात. नाशिक जिल्ह्यातच, निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथील गोदावरीच्या गाळातून मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. नाशिकजवळ गंगापूर येथील गोदावरीकाठच्या गोट्यांच्या थरात ह. धी. सांकलिया यांना पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली. गिरणेच्या परिसरात, मालेगावच्या पूर्वेस चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेले उत्खनन विशेष महत्त्वाचे आहे. तेथे मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचा सलग क्रम गाळाच्या थरांत मिळाला आणि त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी व रेषांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा सापडला. रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचे वय सुमारे २५ हजार वर्षे ठरले. आज ज्या भागात कपाशी आणि केळी उभी असते तेथे तेव्हा शहामृगाला मानवेल असा उघडा गवताळ प्रदेश होता, ही गोष्ट गाळाच्या थरांनी सांगितलेल्या कोरड्या हवामानाशी जुळते.

राख नावाचे घड्याळ

गाळाच्या थरांचा क्रम कळतो, पण वर्षे कळत नाहीत. रेडिओकार्बन पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही आणि तिला कोळसा, हाड किंवा शिंपला लागतो. दख्खनच्या चुनखडीयुक्त गाळात कोळसा दुर्मीळ आहे. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजणारी प्रकाशदीप्ती पद्धत अधिक मागे जाते, परंतु तिला योग्य प्रतीचे क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पार कण हवेत, आणि बेसाल्टच्या प्रदेशात क्वार्ट्झची मुळातच टंचाई. अशा स्थितीत ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळणे म्हणजे भिंतीवर टांगलेले घड्याळ मिळण्यासारखे आहे. एका उद्रेकाची राख हजारो किलोमीटर पसरते, भूवैज्ञानिक कालमानाने पाहता एकाच क्षणी खाली बसते आणि तिची रासायनिक घडण तिच्या जन्मस्थानाची ओळख सांगते.

येथे वाचकाच्या मनात साहजिकच शंका येईल की महाराष्ट्र हा तर ज्वालामुखीचाच प्रदेश. मग राखेचे नवल ते काय? दख्खनचे बेसाल्ट थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांच्या मधून दिसणारे तांबड्या मातीचे पट्टेही त्याच काळातले. नदीकाठच्या गाळात मिळणारी राख त्यांच्याशी संबंधित नाही. ती आली सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून, महाराष्ट्रापासून तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झालेल्या या उद्रेकात अंदाजे २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. त्यामुळे खचलेल्या जमिनीत आज टोबा सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे १०० आणि रुंदी सुमारे ३० किलोमीटर आहे. गेल्या वीस लाख वर्षांतील हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा ज्ञात उद्रेक मानला जातो.

दख्खनचा बेसाल्ट आणि टोबाची राख यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. बेसाल्टमध्ये सिलिका सुमारे ५० टक्के असते, टोबाच्या काचकणांत सुमारे ७७ टक्के. पोटॅशियम ऑक्साइडचे प्रमाण बेसाल्टमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर टोबाच्या काचेत पाच टक्क्यांच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली तर फरक लगेच लक्षात येतो : राखेचे कण म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती, पारदर्शक, वक्र, धारदार, पुष्कळदा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे.

भारतात ही राख प्रथम मध्य प्रदेशातील सोन नदीच्या खोऱ्यात ओळखली गेली. मार्टिन विल्यम्स व कीथ रॉयस यांनी १९८२ मध्ये तिची नोंद केली. त्यानंतर नर्मदा खोरे, आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम आणि महाराष्ट्रातील बोरी व मोरगाव अशी स्थळे पुढे आली.

बोरीचा वाद

जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या दरडीत फिकट करड्या-पांढऱ्या राखेचा थर आहे. या थराच्या सान्निध्यातील गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी, क्लीव्हर अशी अश्युलियन पद्धतीची दगडी हत्यारे मिळाल्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांचे लक्ष तिकडे वेधले गेले. हत्यारांना स्वतःचे वय सांगता येत नाही, राखेला येते. म्हणून राखेचे वय काढले गेले, आणि तेथूनच प्रश्न सुरू झाला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय आले सुमारे १४ लाख वर्षे. हे मान्य केले तर बोरीची हत्यारे भारतातील सर्वांत प्राचीन हत्यारांत जमा होणार होती. १९९५ मध्ये शीला मिश्र व सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ६ लाख ७० हजार वर्षे हे वय प्रसिद्ध केले. त्याच वर्षी फिल शेन, जॉन वेस्टगेट, मार्टिन विल्यम्स आणि रवी कोरीसेट्टर यांनी काचकणांच्या रासायनिक विश्लेषणावरून प्रतिपादन केले की ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. एकाच थराला एका दशकात १४ लाख, पावणेसात लाख आणि पाऊण लाख अशी तीन वये मिळाली.

एवढा फरक कसा पडू शकतो हे एका साध्या गणिताने समजते. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीत राखेचा नमुना एकत्रित वितळवून त्यातील आर्गॉन मोजला जातो. नमुन्यात जुने कण मिसळले असतील तर येणारे वय हे पोटॅशियमच्या वाट्यानुसार काढलेली सरासरी असते. ७४ हजार वर्षांच्या काचेत एकूण पोटॅशियमपैकी केवळ १ टक्का ६ कोटी ६० लाख वर्षांच्या बेसाल्टमधून आले असेल, तर वय येते सुमारे ७ लाख ३३ हजार वर्षे. २ टक्के आले असेल, तर सुमारे १३ लाख ९० हजार. बेसाल्टमध्ये पोटॅशियम काचेच्या एक दशांशच असल्याने १ टक्का पोटॅशियमसाठी वजनाने सुमारे ९ टक्के बेसाल्ट मिसळावा लागेल. बेसाल्टच्या दरीतून वाहणाऱ्या नदीच्या दरडीतील राखेत एवढी भेसळ असणे मुळीच अशक्य नाही. हे आकडे प्रसिद्ध झालेल्या वयांच्या जवळ जातात, तरी त्यावरून प्रत्यक्ष भेसळ तेवढीच होती असे सिद्ध होत नाही; जुन्या कणांची अल्प भेसळही तरुण राखेला किती म्हातारी करू शकते, एवढेच त्यातून दिसते.

१९९८ मध्ये वेस्टगेट व सहकाऱ्यांनी काचकणांवरील विखंडन-रेषा पद्धतीने व रासायनिक तुलनेने आपला निष्कर्ष भारतातील सर्व ज्ञात स्थळांना लागू केला. त्यावर आक्षेप असा होता की टोबाचे याहून जुनेही मोठे उद्रेक आहेत. त्यांपैकी एक सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीचा. बहिणी-बहिणींच्या चेहऱ्यांत साम्य असते, तसे या उद्रेकांच्या राखेत असल्यास केवळ मुख्य मूलद्रव्यांवरून ओळख कशी पटवावी? मोरगाव येथील गाळाच्या चुंबकीय दिशेचे पुरावेही जुन्या वयाच्या बाजूने मांडले गेले. या आक्षेपाचे उत्तर २०१४ मध्ये निकोलस पिअर्स, वेस्टगेट, एम्मा गट्टी व इतरांनी एकेका काचकणातील अल्पांश मूलद्रव्ये मोजून दिले. टोबाच्या अखेरच्या उद्रेकातील काचेत बेरियमच्या प्रमाणानुसार कणांचे अनेक वेगळे गट पडतात आणि जुन्या उद्रेकांच्या राखेत हे वैशिष्ट्य तसे दिसत नाही. बोरी व मोरगावसह भारतातील तपासलेल्या सर्व राखा या कसोटीवर अखेरच्या उद्रेकाच्या ठरल्या. एकत्रित नमुन्याऐवजी एकेक कण तपासल्याने भेसळीचा प्रश्नही बाजूला झाला. राखेपुरता हा पुरावा निर्णायक मानण्यास हरकत नाही.

तीन वेगळ्या वेळा

राखेचा प्रश्न सुटला म्हणून हत्यारांचा सुटला असे मात्र नव्हे, आणि या संपूर्ण वादातील शिकण्यासारखा भाग येथेच आहे. राखेच्या थराशी तीन वेगवेगळ्या वेळा निगडित असतात. पहिली, काच घट्ट झाल्याची, म्हणजे उद्रेकाची. दुसरी, राख आकाशातून त्या परिसरात पडल्याची. या दोन वेळांत फार तर काही आठवड्यांचे अंतर असते. तिसरी वेळ म्हणजे राख सध्याच्या थरात स्थिरावल्याची; आणि ही तिसरी वेळ कितीही नंतरची असू शकते.

टोबाची मूळ राख भारतात काही सेंटिमीटर जाडीनेच पडली असावी. ज्वालापुरम येथे राखेचा एकूण साठा सुमारे अडीच मीटर जाडीचा असला, तरी त्याच्या तळाचा चार-पाच सेंटिमीटरचा पट्टाच थेट आकाशातून पडलेला मानला जातो. बाकीची राख आजूबाजूच्या उतारांवरून पावसाने सखल भागात वाहून आलेली आहे. त्यामुळे जाड थर दिसला की उद्रेकाच्या भीषणतेचा अंदाज बांधण्याऐवजी प्रथम ती राख वाहून आली असावी असा संशय घ्यावा. थरात बारीक पट्टे, तिरक्या रेषा, वाळूचे सूक्ष्म धागे किंवा गाळाचे गोळे दिसले तर संशयाला बळकटी येते. तळाशी स्वच्छ, बारीक, मिश्रणरहित राख व तीक्ष्ण सीमारेषा असेल तर ती मूळ राख असण्याची शक्यता वाढते.

आता हत्यारांचा विचार. हत्यारे राखेच्या खालच्या थरात आहेत आणि राख मूळ जागी पडलेली आहे असे ठरले, तर खालचा थर ७४ हजार वर्षांहून जुना, एवढेच सिद्ध होते. तो ७५ हजार वर्षांचा की पाच लाखांचा, हे राख सांगत नाही. राख वाहून येऊन साचलेली असेल, तर तो थर ७४ हजार वर्षांहून नवा आहे. खालचा थर या नव्या थराहून जुना आहे, पण तो उद्रेकाहून जुना असलाच पाहिजे असे नाही. आणि हत्यारे स्वतःच गोट्यांबरोबर जुन्या भरणीतून वाहत आली असतील, तर ती ज्या थरात सापडली त्याहून कितीतरी जुनी असू शकतात. कडा झिजलेल्या असतील तर हा प्रवास संभवतो. कडा ताज्या असतील तर नाही. राखेचे वय कमी आल्याने बोरीची हत्यारे ‘नवी’ ठरली, असे जे सरसकट लिहिले जाते ते म्हणून तर्काला धरून नाही. ती राखेच्या आधाराविना राहिली, एवढेच म्हणता येते. तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कम येथे शांती पप्पू व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वैश्विक किरणजन्य समस्थानिके आणि पुराचुंबकत्व यांच्या साहाय्याने अश्युलियन हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे दाखविले. भारतातील अश्युलियन संस्कृतीची प्राचीनता आता राखेवर अवलंबून नाही.

टोबाच्या उद्रेकाने मानवजात नष्टप्राय झाली होती का, हा स्वतंत्र आणि बहुचर्चित प्रश्न आहे. ज्वालापुरम येथे राखेच्या खाली व वर सारख्याच परंपरेची हत्यारे मिळाल्याचे २००७ मध्ये मायकेल पेट्राग्लिया व सहकाऱ्यांनी दाखविले. सोन खोऱ्यातील ढाबा येथेही ८० हजार ते ६५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात वस्तीत खंड पडला नसल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

शहरातील राख : पांढरी, भट्टी आणि ज्वालामुखी

गिरणा-मोसम काठच्या एखाद्या खड्ड्यात फिकट, मऊ, राखेसारखा पट्टा लागला तर तो टोबाचा असेल का? उत्साहाच्या भरात तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी तीन प्रतिस्पर्धी बाजूला सारावे लागतात.

पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे ‘पांढरी’. मराठी मुलुखात गावठाणाला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणण्याची रीत जुनी आहे. शेकडो वर्षांच्या चुली, शेण, धाब्याच्या मातीची घरे आणि कचरा यांनी वस्तीची जमीन फिकट करडी होते. या राखेत कोळशाचे कण, हाडे, खापऱ्या असतात. लाकडाच्या राखेतील चुन्यामुळे तिच्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यास ती फसफसते. दुसरा प्रतिस्पर्धी नैसर्गिक चुनखडीची भुकटी. तीही आम्लाने फसफसते व उरलेला भाग साधा गाळ असतो. टोबाची काच आम्लाला दाद देत नाही, मात्र तिच्या थरात नंतर चुना मुरलेला असल्यास आरंभी फसफस होऊ शकते. म्हणून आम्लाने धुऊन उरलेला गाळ पाहणे आवश्यक.

तिसरा प्रतिस्पर्धी आधुनिक आहे आणि औद्योगिक शहरात तोच अधिक फसवा. सायझिंगच्या बॉयलरची राख, वीटभट्टीची राख आणि औष्णिक वीज केंद्रांची उडती राख भरावात, विटांत व रस्त्यांत सर्रास वापरली जाते. तिच्यातही काच असते. परंतु भट्टीच्या उष्णतेत वितळून हवेत गोठलेले उडत्या राखेचे कण गोल मण्यांसारखे असतात, तर ज्वालामुखीचे कण फुटलेल्या कपच्यांसारखे. महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दिसतो. ध्रुवीकारक सूक्ष्मदर्शक असल्यास आणखी एक कसोटी मिळते : काच समदिक् असल्याने छेदित ध्रुवकांमध्ये ती काळी पडते, क्वार्ट्झ व फेल्डस्पार चमकतात. घनतेचाही उपयोग होतो. काचेची घनता सुमारे २.३ ते २.४, क्वार्ट्झची २.६५, त्यामुळे योग्य घनतेच्या जड द्रवात काच तरंगते आणि क्वार्ट्झ बुडतो. थर डोळ्यांना दिसत नसला तरी गाळात विखुरलेले मोजके काचकण या रीतीने वेगळे काढता येतात. शेवटची ओळख मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबखालीच पटते.

नोंद कशी घ्यावी

शहरी खड्ड्याचे आयुष्य थोडे असते. सकाळी जेसीबीने उघडलेली भिंत आठवड्याच्या आत काँक्रीटखाली जाते. नदीकाठच्या दरडींचीही तीच गत आहे. वीटभट्ट्यांसाठी गाळ, बांधकामासाठी वाळू आणि काठ सपाट करण्यासाठी भराव, या तिहेरी दाबाखाली अनेक जुने छेद नाहीसे झाले आहेत. ज्वालापुरमची राखसुद्धा औद्योगिक वापरासाठी खणली गेली.

खोली मोजताना ती रस्त्यापासून मोजू नये. प्रत्येक नव्या डांबरीकरणाबरोबर रस्ता चढत जातो आणि दहा वर्षांनी तेच माप चुकीचे ठरते. समुद्रसपाटीपासूनची कायम पातळी-खूण किंवा जुन्या पक्क्या इमारतीचे जोते हा अधिक भरवशाचा आधार. भिंत खुरप्याने तासून ताजी करावी, ओलसर असतानाच रंग नोंदवावेत, मापपट्टीसह छायाचित्र घ्यावे. वरून सुटलेली माती खालच्या नमुन्यात मिसळू नये म्हणून नमुने खालून वर या क्रमाने घ्यावेत. प्रकाशदीप्ती कालमापनासाठी नमुना घ्यायचा असल्यास अपारदर्शक नळी भिंतीत ठोकून दोन्ही टोके लगेच बंद करावी लागतात. उन्हात काढलेला नमुना निरुपयोगी. भराव आणि नैसर्गिक थर यांतील सीमा सर्वप्रथम शोधावी. जुन्या विहिरी, आड, बुजविलेले नाले आणि किल्ल्याच्या बाजूने खंदक ही नैसर्गिक क्रमात घुसलेली मानवी खाच असते, आणि तिच्यातील गाळ आजूबाजूच्या गाळासारखाच दिसतो.

एका खड्ड्यावरून पायरीचा नकाशा होत नाही. परंतु किल्ल्याकडील भागापासून संगमापर्यंत वीस-पंचवीस ठिकाणच्या अशा नोंदी एका पातळीवर मांडल्या, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडील विहिरींच्या माहितीशी ताडून पाहिल्या, तर जुनी भरणी कोठे संपते आणि तिच्यात कोरलेली नवी भरणी कोठे सुरू होते ती रेषा कागदावर उमटू लागते. त्या रेषेच्या आतली जमीन म्हणजे नदीने सर्वांत अखेरीस सोडलेली, सैल गाळाची, पूर चढला तर प्रथम पाण्याखाली जाणारी जमीन होय; आणि नव्या वसाहतींचे पाये बहुतांशी तिथेच खणले जात आहेत.